इंटरव्ह्यूला टाय लावू की नको? (गुरुवारी आहे, लवकर सांगा)

कोयनाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मूळ कराडचा, सध्या वारज्यात राहतो. अडीच वर्षं हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत जावा बॅकएंडवर आहे. गुरुवारी बाणेरच्या एका प्रॉडक्ट कंपनीत समोरासमोर इंटरव्ह्यू आहे. लागोपाठ तीन राउंड, त्यातला एक सिस्टीम डिझाइनचा (बोर्डावर अख्ख्या सिस्टीमचा आराखडा काढायचा). अभ्यास बरा झालाय. घोडं अडलंय कपड्यांपाशी.

एचआर मॅडमना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "अरे, एनीथिंग कम्फर्टेबल!" हे काय उत्तर झालं? मला कम्फर्टेबल म्हणजे बनियन आणि बर्म्युडा. आई म्हणतेय मामाच्या लग्नात शिवलेला ब्लेझर तसाच पडून आहे, तो घाल, वर टाय लाव, चारचौघांत साहेब दिसला पाहिजेस. ज्या मित्राने रेफरल दिलंय तो त्याच कंपनीत आहे. तो म्हणतो, टाय लावून आलास तर मी तुला ओळखत नाही असं सांगेन.

आमच्या ऑफिसात सोमवार ते गुरुवार फॉर्मल्स, त्यामुळे दोनच कप्पे माहीत आहेत: ऑफिसचे आणि घरचे. मधलं काय असतं ते सांगा. आणि हो, बाइकने जाणार आहे. जुलै आहे.


आगाऊ_बंड्या | सोमवार, रात्री १०:५२

वर ब्लेझर, खाली बर्म्युडा. आई पण खूश, मित्र पण खूश. हघ्या (हलके घ्या).


शुद्धमती | सोमवार, रात्री ११:०३

शीर्षकात 'मुलाखतीला' चाललं असतं. बाकी शुभेच्छा.


आगाऊ_बंड्या | सोमवार, रात्री ११:०५

आणि टायच्या जागी कंठलंगोट?


शुद्धमती | सोमवार, रात्री ११:०९

हो. त्यात हसण्यासारखं काय आहे?


पॅनेलवाला | सोमवार, रात्री ११:३१

आठ-नऊ वर्षं टेबलाच्या पलीकडे बसतोय, म्हणून लिहितो. आमच्या फीडबॅक फॉर्ममध्ये कपड्यांचा रकाना नाही. कोडिंग, डिझाइन, कम्युनिकेशन, आणि शेवटी 'घ्यावा की नाही' एवढंच. इंटरव्ह्यू संपल्यावर समोरच्याने कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता हे विचारलंत तर दहातल्या नऊ वेळा मला सांगता येणार नाही.

दहावी वेळ मात्र लक्षात राहते. एकाच्या ब्लेझरला बाहीवर कंपनीचं लेबल तसंच शिवलेलं होतं. एकाने इतकं अत्तर मारलं होतं की छोट्या काचेच्या खोलीत माझं डोकं चढलं, आणि पुढच्या उमेदवाराला वाटलं ते मीच मारलंय. एक जण नवे कडक बूट घालून आला होता, बिचारा टेबलाखाली सारखा टाच काढायचा-घालायचा, आणि सोपी बायनरी सर्च चुकला. त्याला येत होती हो. लक्ष पायात होतं.

म्हणून, कोयनाकाठ, माझं मत: साधा कॉलरचा शर्ट, गडद चिनोज (साधी सुती पँट), स्वच्छ बूट. टाय नको. ब्लेझर तर नकोच, पावसात लोकरीचा ओला वास येतो.


तिखटमीठ | सोमवार, रात्री ११:४८

'कपड्यांचा रकाना नाही' हे दरवेळी ऐकते. पण 'कम्युनिकेशन'चा आहे ना? कपडे तिथूनच आत शिरतात. चुरगळलेला शर्ट आला की 'थोडा कॉन्फिडन्स कमी वाटला' असं लिहिलं जातं. मी स्वतः पॅनेलवर होते, लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसलेय.

आणि बाप्यांनो, तुमचा प्रश्न दोन शर्टांत मिटतो. आमच्याकडे बघा. साडी नेसली तर 'लग्नाला चाललीस का', पाश्चात्त्य फॉर्मल्स घातले तर ती पँट कुठल्याच दुकानात धड बसत नाही, कुर्ता घातला तर ओढणी घ्यायची की नाही इथपासून सुरुवात. त्यात बहुतेक कुर्त्यांना खिसा नाही. गेटवर व्हिजिटर कार्ड देतात ते चिमट्याचं, ते लावायचं कुठे? गळ्याला लावलं की दिवसभर गळा एका बाजूला ओढलेला.

सगळ्यात कहर सांगते. चुलत बहिणीच्या लग्नानंतर चार दिवसांनी इंटरव्ह्यू होता, हातावर मेंदी तशीच. पहिला प्रश्न डेटाबेसवर नव्हताच. "नुकतंच लग्न झालं का? मग पुढचे प्लॅन्स?" मी म्हटलं लग्न बहिणीचं होतं. ते म्हणाले, "अच्छा, मग आता तुमचा नंबर." कंपनीचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या राउंडला मी थांबलेच नाही.


प्राची_क | सोमवार, रात्री ११:५५

तिखटमीठ, +१००. आमच्या ग्रुपमध्ये तर इंटरव्ह्यूच्या आधी मंगळसूत्र पर्समध्ये ठेवायचं हा अलिखित नियमच होता. सासूबाईंना सांगायची सोय नाही.

खिशावर उपाय: शिंप्याकडून कुर्ता शिवून घेताना बाजूच्या शिवणीत खिसा सांगायचा. जास्तीचे पैसे घेतो, पण आयुष्य बदलतं.


निळूकाका | मंगळवार, सकाळी ६:१०

तरुणांनो, आमची पण ऐका.

साल १९८६. मुंबईत एका बँकेच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागासाठी मुलाखत. तेव्हा कॉम्प्युटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली खोली यायची. मी कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून तयार. वडिलांनी दादरला नेऊन राखाडी सफारी शिवून घेतला, चांगला दोन छातीच्या खिशांचा. बूट चपलांच्या पॉलिशवाल्याकडून चमकवून आणले, त्यात तोंड दिसत होतं.

मुलाखत छान चालली होती. साहेब म्हणाले, "चला, आमची मशीन दाखवतो." कॉम्प्युटर रूमच्या दारात शिपाई उभा. धूळ आत जायला नको म्हणून तिथे सगळ्यांनी पादत्राणं बाहेर काढायची पद्धत. देवळासारखंच. मी वाकलो, नाड्या सोडल्या, आणि उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर!

आतमध्ये एसी थंडगार, फरशी बर्फासारखी, तीन साहेब, मी आणि माझा अंगठा. वीस मिनिटं मी डावा पाय उजव्यावर ठेवून बगळ्यासारखा उभा. नोकरी मिळाली. पुढे पंचवीस वर्षं त्या साहेबांनी मला 'काय अंगठेबहाद्दर' म्हणूनच हाक मारली.

तात्पर्य विचारू नका. मोजे तपासा.


आगाऊ_बंड्या | मंगळवार, सकाळी ९:२०

काका, अंगठेबहाद्दर होऊन कोबोल लिहायचात! दंडवत.


दुसरी_शिफ्ट | मंगळवार, सकाळी ११:१५

धाग्यात थोडा इतिहास टाकतो, म्हणजे 'आयटी म्हणजे टीशर्ट' हा गैरसमज जाईल. आयबीएमचा गडद सूट आणि पांढरा शर्ट हा जगभर प्रसिद्ध होता, तो सैल झाला १९९५ मध्ये. आपल्याकडे इन्फोसिसने रोज कॅज्युअल चालेल म्हटलं ते २०१५ मध्ये. त्याआधी त्यांच्या टायची पिढी आठवा. आणि उलटी गंमत, टीसीएसने ऑक्टोबर २०२३ मध्ये लोकांना ऑफिसात परत बोलावताना ड्रेस कोडची आठवण करून दिली: सोमवार ते गुरुवार पूर्ण बाह्यांचा शर्ट, इन केलेला, फॉर्मल पँट. म्हणजे काळ सरळ पुढेच जातो असं नाही.

सर्व्हिस कंपन्यांचं कारण पण समजण्यासारखं आहे. क्लायंट कधीही फ्लोअरवर येतो. बँकेचा क्लायंट असेल तर बँकेसारखं दिसायचं. प्रॉडक्टवाल्यांकडे ग्राहक स्क्रीनपलीकडे, त्याला तुमची चड्डी दिसत नाही.


टेकडीवरचा | मंगळवार, दुपारी १२:४०

हे सगळं जुनाट आहे राव. झुकरबर्ग २०१२ मध्ये शेअर विकायला न्यूयॉर्कला हुडी घालून गेला, वॉल स्ट्रीटवाल्यांनी नाकं मुरडली, काय बिघडलं? स्टीव्ह जॉब्ज एकच काळा टर्टलनेक घालायचा. कोड बोलतो, कापड नाही. कोयनाकाठ, टीशर्ट घालून बिनधास्त जा. जी कंपनी टीशर्ट बघून नाकारते तिथे काम करायचंच कशाला?


सॅनहोजेकर | मंगळवार, दुपारी १:०५

टेकडीवरचा, त्याच जॉब्जने जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश दाखवताना डबल-ब्रेस्टेड कोट आणि बो-टाय घातला होता. टर्टलनेक नंतर आला. आधी नाव, मग टर्टलनेक. :)

इथली परिस्थिती सांगतो (रात्र झालीये, झोप येत नाहीये). गूगलच्या जाहीर तत्त्वांमध्येच 'सूट न घालताही गंभीर असता येतं' असं वाक्य आहे. मी २००७ मध्ये पहिल्या ऑनसाइट इंटरव्ह्यूला पुण्याहून शिवून आणलेला सूट घालून गेलो. रिसेप्शनवर बसलेल्या सगळ्यांनी मला सेल्समन समजून रस्ता दिला. पॅनेलमधला एक जण सँडलमध्ये. दुपारी ते मला कॅफेटेरियात घेऊन गेले, नूडल्स होते, आणि सोया सॉसचा पहिला थेंब टायवर. नंतरचे दोन राउंड मी टायवर हात ठेवून दिले. त्यांना वाटलं असेल मी फार भावुक माणूस आहे.

नोकरी मिळाली नाही, पण ते टायमुळे नाही. डायनॅमिक प्रोग्रामिंगमुळे.


एसटीचा_पास | मंगळवार, रात्री ९:३०

दोन दिवस वाचतोय. टेकडीवरचा यांना उत्तर द्यावंसं वाटलं. राग धरू नका.

मी जत तालुक्यातला. पुण्यात कोथरूडला एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो, सगळे डिप्लोमा-डिग्री करून नोकरी शोधणारे. पाच जणांत एक इंटरव्ह्यूचा शर्ट होता. फिका निळा, चाळीस नंबर. कुणाचा होता हे पण आता आठवत नाही, एका मित्राच्या भावाने दिलेला. ज्याचा कॉल आला त्याने आदल्या रात्री धुवायचा, पंख्याखाली वाळवायचा, सकाळी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे पळायचं. मी बारीक, मला तो मोठा व्हायचा. मी पाठीमागे दोन टाचण्या लावायचो आणि खुर्चीला टेकायचो नाही. समोरच्याला वाटायचं पोरगं काय ताठ बसतंय.

एकदा दोघांचे कॉल एकाच दिवशी आले. सकाळी दहा आणि दुपारी तीन. दहावाल्याने हिंजवडीहून परत येऊन डेक्कनला शौचालयात शर्ट काढून तीनवाल्याला दिला. तीनवाल्याला नोकरी लागली. दहावाल्याला पण लागली, सहा महिन्यांनी.

'कपड्यांनी काही फरक पडत नाही' हे वाक्य मी नोकरी लागल्यावर पहिल्यांदा ऐकलं. त्याआधी मला कुणी म्हणालं नव्हतं. झुकरबर्गच्या हुडीमागे त्याची कंपनी उभी होती. आमच्यामागे कॉलेजचं नाव पण नव्हतं. मळका टीशर्ट घालून इंग्रजी चांगलं बोलणारा पोरगा 'चिल' असतो, आणि तोच टीशर्ट घालून अडखळत बोलणारा 'रॉ' असतो. हे शब्द मी पॅनेलवरच शिकलो. आता मी पण पॅनेलवर असतो.

कोयनाकाठ, तू इस्त्रीचा शर्ट घाल. टाय नको. आईला सांग टाय पहिल्या दिवशी लावीन.


तिखटमीठ | मंगळवार, रात्री ९:४१

प्रतिसाद दोनदा वाचला. टाचण्यांचं वाचून थांबले.


टेकडीवरचा | मंगळवार, रात्री १०:१५

राग कसला. मी प्रभात रोडवर वाढलो, वडील प्राध्यापक, पहिला इंटरव्ह्यू त्यांच्या विद्यार्थ्याच्याच कंपनीत. टीशर्ट घालून गेलो होतो. हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय.

तरी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. आपण पॅनेलवर बसलो की टीशर्टवाल्याला, टाचणीवाल्याला, दोघांनाही तेच प्रश्न विचारले पाहिजेत. बदल तिकडून व्हायचा.


पॅनेलवाला | मंगळवार, रात्री १०:३०

एसटीचा_पास आणि तिखटमीठ, मान्य. रकाना नाही म्हणून मी मोकळा झालो होतो. पुढच्या फॉर्ममध्ये 'कॉन्फिडन्स' लिहिताना हात अडखळेल.


आगाऊ_बंड्या | मंगळवार, रात्री १०:४४

वातावरण फार गंभीर झालं म्हणून आठवण: एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचा तो मालक कायम शॉर्ट्स आणि टीशर्टमध्ये फिरायचा, लोक म्हणायचे काय जीनियस आहे. फसवणुकीच्या खटल्याला मात्र सूट घालून आला. २५ वर्षं शिक्षा. दोन्ही बाजूंनी काय सिद्ध होतं ते ज्याने त्याने ठरवा.


मांडवीतीर | बुधवार, सकाळी ८:२५

आमच्या पणजीत वेगळाच प्रकार. छोटी कंपनी, मालक स्वतः चप्पल आणि हाफ पँट. मी फॉर्मल घालून गेलो तर म्हणाला, "तू बँकेतून आलास? लोनचं काय झालं?"


प्राची_क | बुधवार, सकाळी ९:१०

मूळ प्रश्नाकडे कुणी येणार का? त्या मुलाचा उद्या इंटरव्ह्यू आहे. कोयनाकाठ, पावसाचं सांगते, कारण मी कर्वेनगर ते बालेवाडी तीन पावसाळे स्कूटीवर केलेत.

हायवेच्या सर्व्हिस रोडला ट्रक गुडघ्यापर्यंत चिखल उडवतो. रेनकोटची पँट घातलीस तरी पोटऱ्यांवर ओल येतेच. तेव्हा फ्लोटर घालून जा, बूट आणि मोजे (निळूकाकांचं ऐक, तपासून) प्लास्टिकच्या पिशवीत. एक जादा शर्ट घडी करून ठेव. अर्धा तास आधी पोच. आधी बेसमेंटला बूट बदल, मग वर जा, म्हणजे रिसेप्शनवर ओल्या पायांचे ठसे उमटत नाहीत. फिका राखाडी शर्ट घालू नकोस, त्यावर पाण्याचा प्रत्येक थेंब दिसतो. पांढरा किंवा गडद निळा बरा. आणि त्या मीटिंग रूम्स म्हणजे फ्रीज असतात, ओल्या अंगाने बसलास तर दात वाजतील आणि त्यांना वाटेल घाबरलाय.


पॅनेलवाला | बुधवार, सकाळी ९:३५

पुरवणी. आज रात्री घरी दोन गोष्टी करून बघ. शर्ट इन करून हात डोक्याच्या वर ने. सिस्टीम डिझाइनला व्हाइटबोर्ड असतो आणि आखूड शर्ट बोर्डावर तिसरा चौकोन काढेपर्यंत बाहेर आलेला असतो. दुसरं, खाली बसून बघ, पोटावरचं बटण ओढतंय का. बाह्या एक-दोन घड्या दुमड, नाहीतर मार्करची शाई कफला लागते.


शुद्धमती | बुधवार, सकाळी ९:५०

इस्त्री आज संध्याकाळीच करून ठेवा. सकाळी वीज जाते. (मुलाखतीसाठी शुभेच्छा.)


कोयनाकाठ | बुधवार, रात्री ८:०५

सर्वांचे मनापासून आभार. एसटीचा_पास दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून शर्टाला इस्त्री करायला लागली. टाय कपाटात परत गेला. ठरलं: पांढरा शर्ट, गडद निळी चिनोज, काळे बूट पिशवीत. हात वर करून बघितला. शर्ट बाहेर येतो. दुसरा शोधतोय.


आगाऊ_बंड्या | बुधवार, रात्री ८:११

हात वरच करू नकोस. बोर्डाच्या खालच्या अर्ध्यात डिझाइन कर. स्केलेबल नसलं तरी इनशर्ट राहील.


कोयनाकाठ | गुरुवार, रात्री ९:२०

जाऊन आलो!

चांदणी चौकापर्यंत कोरडा होतो. पुढे जे काय झालं ते प्राचीताईंनी लिहिलंय तसंच. बेसमेंटला बूट बदलले, सिक्युरिटीवाल्या काकांनी स्वतःहून जुनं फडकं दिलं, म्हणाले "रोज दोन-तीन जण येतात असे."

पहिला पॅनेलवाला कॉलरचा टीशर्ट, दुसरी बाई साधा कॉटनचा कुर्ता (खिशासकट, तिखटमीठ!), तिसरा शॉर्ट्समध्ये आणि पायात काही नाही, मांडी घालून खुर्चीवर. मला एक मिनिट वाटलं आपण जास्तच नटलोय. मग त्याने रेट लिमिटर डिझाइन करायला सांगितला आणि पुढचा पाऊण तास कपडे आठवलेच नाहीत. एकदाच आठवले. बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात लोड बॅलन्सर काढताना मागून शर्ट बाहेर आला. तसाच राहू दिला.

संध्याकाळी मेल आला. पुढचा राउंड मॅनेजरबरोबर, सोमवारी, व्हिडिओवर. तर पुढचा प्रश्न: व्हिडिओला काय घालू?


निळूकाका | गुरुवार, रात्री ९:२८

शाब्बास! मोजे?


कोयनाकाठ | गुरुवार, रात्री ९:३०

नवे घेतले होते काका. लक्ष्मी रोडवरून, तीन जोड.


सॅनहोजेकर | गुरुवार, रात्री ९:५५

व्हिडिओला बारीक चौकडा किंवा बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात लाटा आल्यासारखा थरथरतो. एकरंगी घाल. पांढरा पण नको, लॅपटॉपच्या उजेडात चेहरा काळवंडतो. आणि कृपा करून पूर्ण पँट घाल. मध्येच चार्जर आणायला उठावं लागतं. अनुभव.


तिखटमीठ | गुरुवार, रात्री १०:०२

अभिनंदन! बाई खिशासकट म्हणजे कंपनी बरी दिसतेय.

एक विचारू? बूट घालून घरी आलास ना, मग फ्लोटरची पिशवी कुठाय?


कोयनाकाठ | गुरुवार, रात्री १०:०९

अरे देवा. रिसेप्शनच्या सोफ्याखाली.


आगाऊ_बंड्या | गुरुवार, रात्री १०:१०

काळजी करू नकोस, आता तुला जॉइन व्हावंच लागेल.